मुक्ता साळवेचा प्रश्न आणि यवतमाळची बाळंतीण

१८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात एका शाळकरी मुलीचा निबंध छापून आला. मुलीचे नाव मुक्ता साळवे, जात मांग. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात काढलेल्या शाळेत ती शिकत होती. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा हा निबंध आपण आज दलित साहित्याच्या अगदी पहिल्या खुणांमध्ये गणतो. धर्माला उद्देशून तिने विचारलेले प्रश्न आपल्या सभांतून पुष्कळदा सांगितले जातात. परंतु त्याच निबंधात तिने आणखी एक गोष्ट काढली आहे आणि तिच्याकडे आपले लक्ष फारसे गेलेले नाही. ती गोष्ट बाळंतिणीची आहे. अस्पृश्याची बाई उघड्यावर बाळंत होते, तिला निवारा नाही, दुखणे जडले तर औषधाला पैसा नाही आणि पैशाशिवाय तिच्याकडे येईल असा वैद्य तुमच्यात कोणी नाही, असा तिचा स्पष्ट आरोप होता.

एवढ्या कोवळ्या वयाच्या मुलीला हा विषय का सुचावा? तिने हे डोळ्यांनी पाहिले असले पाहिजे. वाड्यातल्या मुलीपासून बाळंतपण दाराआड लपविता येते. मांगवाड्यात मुळी दारच नव्हते.

मुक्ताने हे लिहिले त्याच्या दोनच वर्षे आधी, १८५३ साली, वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले होते. आमच्या जिल्ह्याला तेव्हा यवतमाळ हे नावही नव्हते. पुढे वणी जिल्हा म्हणत, आणि १९०५ नंतर तो यवतमाळ झाला. पुण्याच्या मांगवाड्यातला हा प्रश्न वऱ्हाडातल्या महारवाड्याला, मांगवाड्याला, लमाणांच्या तांड्याला आणि कोलामांच्या पोडालाही तसाच लागू होता. त्यानंतर पावणेदोनशे वर्षांच्या आसपास काळ लोटला. त्या काळात तिच्या प्रश्नाला कोणी काय उत्तर दिले, एवढेच मला या लेखात पाहायचे आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की हा केवळ गरिबीचा प्रश्न नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात अशौचाचे नियम दिले आहेत. त्यांतला एक असा की चांडाळ, रजस्वला, पतित, बाळंतीण आणि प्रेत यांचा स्पर्श झाला तर स्नानाशिवाय शुद्धी होत नाही. नवा जीव जगात आणणारी स्त्री आणि मेलेले शरीर यांना एकाच यादीत बसविणारी ही बुद्धी! पण या यादीतही एक फरक दडलेला आहे. वरच्या वर्णाची बाळंतीण काही दिवसांनी न्हाऊन शुद्ध होते, चांडाळ मात्र जन्मभर अशुद्धच राहतो. आणि जी स्त्री अस्पृश्यही आहे आणि बाळंतीणही आहे, तिचे काय? तिचा विटाळ दुहेरी. तिचा विचार शास्त्रकाराने केलाच नाही, कारण ती त्याच्या लेखी कोणीच नव्हती.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली, तेव्हा हा श्लोकही जळाला. परंतु कागद जळाला म्हणून गावचा व्यवहार लगेच बदलत नाही. गावाने या श्लोकातून स्वतःच्या सोयीचा एक अर्थ कधीच काढून ठेवला होता. बाळंतपण हे विटाळाचे काम असेल तर ते विटाळाच्याच माणसांनी करावे. मेलेले ढोर ओढायला महार, आणि जन्मलेल्या मुलाची नाळ कापायला महारीण किंवा मांगीण. इंग्रजी अमदानीतल्या जातिवर्णनांत मांग स्त्रियांचे काम म्हणून सुईणपण नोंदलेले आढळते. जन्म आणि मरण या दोन्ही टोकांना गावाने आमचीच माणसे उभी केली आणि मधल्या सगळ्या आयुष्यात त्यांना वेशीबाहेर ठेवले.

माझी आजी दाई होती. आमचे गाव आर्णी तालुक्यात, अरुणावतीच्या खोऱ्यात. रात्री-अपरात्री बोलावणे येई आणि मी लहान असताना कंदील धरायला तिच्याबरोबर जात असे. मोठ्या घरी गेलो की पुढचे दार आमच्यासाठी नव्हते. गोठ्याच्या अंगाने, मागच्या बाजूने आत घेत. बाई अडलेली असली म्हणजे त्या घरात आजीएवढा मान कोणाला नसे. घरधनीण तिला 'माय' म्हणे, पदर पसरी. मूल झाले, नाळ कापली, वार पडली, की ती वार मडक्यात घालून पुरायची ती आजीनेच. घाण कपडे धुवायचे तेही तिनेच. सुपात चार पायल्या ज्वारी, एखादे जुने लुगडे, नारळ, एवढी तिची बोळवण. सुतक फिटले की घर सारवून काढीत, आणि आजीची जागा पुन्हा अंगणाच्या बाहेर. ज्या हातांत ते मूल पहिल्यांदा रडले, त्या हातचे पाणी त्या मुलाला मोठेपणी चालत नसे. आजी म्हणायची, "बाई अडली का जात सुटते, अन् बाई सुटली का जात लागते."

तिच्या हातात विद्या होती, हे मी आज निःशंकपणे सांगते. पोटावर हात ठेवून मूल आडवे आहे की पायाळू ते ती ओळखायची. कुठे थांबायचे आणि कुठे 'गाडी जुंपा' म्हणायचे तेही तिला कळत होते. पण दुसरीही बाजू सांगितली पाहिजे. माझी थोरली आत्या, म्हणजे आजीची स्वतःची लेक, बाळंतपणात गेली. रक्त थांबेना. बैलगाडीतून तालुक्याच्या गावी नेता नेता वाटेतच ती गार झाली. आजीचे सगळे ज्ञान तिथे संपले. वाहणारे रक्त थांबवायला औषध लागते, रक्त द्यावे लागते, शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर लागतो. यांतले काहीही आमच्या वाड्यापर्यंत आलेले नव्हते. आजीला किती लेकरे झाली असे विचारले की ती फक्त जगलेल्यांची नावे सांगायची. म्हणून मी दाईचे गोडवे गाण्यासाठी हे लिहीत नाही. मला विचारायचे आहे ते एवढेच की, जी बाई गावभरच्या बायकांना सोडवीत होती, तिच्या लेकीला सोडवायला कोण आले?

मुक्ताच्या प्रश्नाचे पहिले उत्तर तिच्या शाळेतूनच आले, पण तेही वेगळ्या दाराशी गेले. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसलेल्या ब्राह्मण विधवांनी तेथे यावे, गुपचूप बाळंत व्हावे आणि मुलाला मारू नये, अशी ती व्यवस्था होती. तेथे बाळंत झालेल्या एका विधवेचा मुलगा फुले दांपत्याने पुढे दत्तक घेतला, तोच यशवंत. ज्यांना शूद्र म्हणून हिणविले जात होते त्यांनी ब्राह्मणाच्या बाळंतिणीसाठी आपले घर उघडले. या माणुसकीची बरोबरी नाही. परंतु उलट दिशेने, ब्राह्मणाचे घर मांगाच्या बाळंतिणीसाठी उघडले असे उदाहरण त्या काळात शोधूनही मला सापडत नाही. करुणेचीसुद्धा एक दिशा असते आणि जातिव्यवस्थेत ती बहुधा खालून वर वाहते, हे या घटनेतून दिसते.

दुसरे उत्तर सरकारचे. १८८५ साली व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरीन यांच्या नावाने हिंदी स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांकडून उपचार मिळावेत म्हणून निधी उभारण्यात आला. गावोगाव त्याची इस्पितळे निघाली. अमरावतीचे सरकारी स्त्री रुग्णालय आमच्याकडची माणसे अजूनही 'डफरीन'च म्हणतात. या निधीमागे मुख्य विचार होता तो पडद्यातल्या स्त्रीचा. पुरुष डॉक्टरपुढे येऊ न शकणाऱ्या प्रतिष्ठित घरच्या बाईचा. आमच्या बायकांना पडदा नव्हता, त्यांना शेत होते. पडद्याची अडचण सरकारला दिसली, शेताची दिसली नाही.

याच काळात, १८८६ साली, आनंदीबाई जोशी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. त्यांचे धैर्य आणि त्यांचे दुःख यांविषयी मला आदरच आहे. स्वतःचे दहा दिवसांचे मूल गमावलेल्या त्या बाईने हा विषय का निवडला असेल ते कोणत्याही आईला कळेल. तरीही विषयाच्या नावाकडे लक्ष द्या. आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र ग्रंथांत होते. प्रत्यक्ष बाळंतपणे करणारे हात मात्र ज्यांना कोणत्याही ग्रंथात जागा नाही अशा बायकांचे होते. शास्त्र एकाचे आणि श्रम दुसऱ्याचे, ही विभागणी वैद्यकातही आली.

१९०३ साली लेडी कर्झन यांनी दायांना शिकविण्यासाठी व्हिक्टोरिया राणीच्या स्मरणार्थ निधी काढला. तेव्हापासून दाई ही सरकारी कागदांत आली, पण आली ती आरोपी म्हणून. १९२७ साली कॅथरिन मेयो या अमेरिकन बाईने 'मदर इंडिया' हे पुस्तक लिहिले, त्यातही दाईचे चित्र किळस यावी असेच काढले आहे. घाणेरडी, अडाणी, अंधश्रद्ध, बाळंतरोग पसरविणारी. तिच्या अस्वच्छतेचे वर्णन सगळ्यांनी केले. तिला विहिरीवर पाणी भरू दिले जात नाही, मग तिने हात कोणत्या पाण्याने धुवावेत, हे विचारणारे थोडे.

येथे युरोपातली एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी बाळंतपणे करीत, दुसऱ्यात सुइणी. बाळंतज्वराने जास्त बायका मरत त्या डॉक्टरांच्या विभागात! इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने १८४७ साली त्याचे कारण शोधले. विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच प्रसूतिगृहात येत होते. त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि मृत्यू झपाट्याने घटले. त्याच्या व्यवसायबंधूंनी त्याचे म्हणणे मानले नाही, कारण डॉक्टरचा हात अशुद्ध असू शकतो हे त्यांना सोसवेना. म्हणजे रोग जात पाहून हाताला चिकटत नाही. हात धुण्याची सोय असेल तर दाईचा हात स्वच्छ होतो आणि नसेल तर सर्जनचाही घाण राहतो. आपल्याकडे मात्र अस्वच्छता ही परिस्थिती न मानता स्वभाव मानला गेला. जुना विटाळ असा नव्या शास्त्राचा अंगरखा घालून पुन्हा आमच्याच अंगणात आला.

मुक्ताच्या प्रश्नाला कायद्याच्या भाषेत उत्तर देणारा माणूस आपल्यातलाच होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि रमाबाई यांची चार अपत्ये बालपणीच गेली. शेवटचा राजरत्न १९२६ च्या जुलैमध्ये गेला. त्यानंतर दोन वर्षांनी, २८ जुलै १९२८ रोजी, मुंबई कायदे कौन्सिलात गिरणी-कारखान्यांतल्या स्त्रियांना प्रसूतीच्या काळात भत्ता देण्याचे विधेयक चर्चेला आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे. म्हणून खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा हे खरे, पण बाईच्या श्रमावर नफा मिळविणाऱ्या मालकालाही त्यातून सुटता येणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. १९२९ साली मुंबई इलाख्यात हा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी मध्यप्रांतातही झाला. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत बाबासाहेबांच्या पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. तो नामंजूर झाला. १९४३ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी खाणीतल्या स्त्रियांच्या प्रसूती लाभ कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले.

आणि हे एकट्या बाबासाहेबांचे काम नव्हते. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. तिच्या अध्यक्ष आमच्या वऱ्हाडच्याच, अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. कामगार स्त्रियांना पगारी रजा मिळावी, दुखापतीची भरपाई मिळावी, असे ठराव तेथे आपल्या बायकांनी केले. ज्यांना अडाणी म्हटले जात होते त्या बायका १९४२ साली रजेची आणि भरपाईची भाषा बोलत होत्या, हे विसरता कामा नये.

परंतु या सगळ्या कायद्यांची एक हद्द होती आणि ती हद्द आमच्या जिल्ह्याच्या शेतबांधापाशी येऊन थांबत होती. यवतमाळ हा कापसाचा मुलूख. वऱ्हाडचा कापूस बोरीनं, गाडीनं, रेल्वेनं गिरण्यांकडे गेला. गिरणीत ज्या बाईने सूत काढले तिला १९२९ साली बाळंतपणाचा हक्क मिळाला. त्याच कापसाची बोंडे जिने वेचली तिला मिळाला नाही. कारण ती कारखान्यात नव्हती, तिचा मालक रोज बदलत होता, तिचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नव्हते. १९६१ साली देशभरासाठी प्रसूती लाभ कायदा आला. त्यात पुढे दुरुस्ती होऊन वर्षात ८० दिवस एका मालकाकडे काम केल्याची अट राहिली. २०१७ साली पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हीच तरतूद घेतली गेली. बँकेतल्या, कचेरीतल्या, शाळेतल्या बाईला २६ आठवडे मिळाले याचा मला आनंदच आहे. तिलाही ते भांडूनच मिळाले. पण आज इथे, उद्या तिथे वेचणीला जाणारी बाई एका मालकाकडे ८० दिवस कोठून दाखविणार?

वेचणी दसरा-दिवाळीपासून सुरू होते. मजुरी वजनावर. बाई पोटावर कापडाची ओटी बांधते आणि वेचलेला कापूस त्यात भरत जाते. सातवा-आठवा महिना लागला तरी ओटी त्याच पोटावर. ज्या समाजात गर्भारणीची ओटी भरणे हा सोहळा आहे, त्याच समाजात दुसऱ्या एका गर्भारणीची ओटी दुसऱ्याच्या कापसाने भरते आणि संध्याकाळी काट्यावर रिकामी होते. तिला विश्रांती म्हणजे मजुरी बुडणे. बाबासाहेबांनी १९२८ साली जी गोष्ट राष्ट्रहिताची म्हणून सांगितली ती शेतमजूर बाईच्या बाबतीत अजून राष्ट्रहिताची ठरलेली नाही.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीचा अहवाल आला. दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे २० माता मरतात, म्हणजे देशात वर्षाला जवळजवळ दोन लाख बायका बाळंतपणापायी जातात, असा तिचा अंदाज होता. ज्याची पैसे देण्याची ऐपत नाही त्यालाही उपचार मिळाले पाहिजेत, हे तत्त्व तिने मांडले. १९५२ पासून सामूहिक विकास योजनेबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे निघू लागली. शिकलेली नर्स-सुईण गावात आली. ही फार मोठी गोष्ट झाली आणि तिने असंख्य बायका वाचविल्या. पण एक बदल कोणाच्या नजरेत आला नाही. बाळंतपण हे आता विटाळाचे काम राहिले नाही; ते पगाराचे, शिक्षणाचे आणि पांढऱ्या कपड्यांचे काम झाले. आणि ज्या क्षणी ते प्रतिष्ठेचे झाले त्या क्षणी ते आमच्या बायकांच्या हातून गेले. शिक्षणाची अट होती, आणि शिक्षण तर आमच्या बहुतेक बायकांपर्यंत पोचलेच नव्हते. विटाळ होता तोवर काम आमचे; पगार आला तेव्हा पात्रता दुसऱ्याची.

येथे मला आपल्या चळवळीविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर विदर्भातल्या गावोगावी आपल्या लोकांनी गावकीची कामे सोडली. ढोरे ओढणे बंद, येसकरकी बंद, भाकर मागणे बंद. आमच्या वाड्यातही बैठक झाली आणि तरुणांनी आजीला सांगितले की आता गावाच्या वारा पुरायच्या नाहीत. आजीने ते ऐकले. तिने वार पुरणे सोडले, धुणी धुणे सोडले; पण अडलेल्या बाईकडे जाणे सोडले नाही. 'काऊन गेली?' असे पोरांनी विचारले तर म्हणायची, "बाईच्या पोटातल्या लेकराले काय मालूम कोन कोनाचा?" आमच्या पोरांचे म्हणणे चूक होते असे मी म्हणणार नाही. गुलामीला नकार दिल्यावाचून माणूस उभा राहत नाही. पण गुलामी आणि विद्या या दोन गोष्टी एकाच हातात होत्या, आणि गुलामी फेकताना विद्याही धुळीत गेली. दायांची माहिती आपण लिहून ठेवली नाही, त्यांना नर्स करा अशी मागणी फारशी केली नाही, त्यांच्या मुलींना त्या शाळेत घाला म्हणून मोर्चे काढले नाहीत. आजीने ही निवड मनातल्या मनात केली होती: विटाळ टाकायचा, माणूस टाकायचा नाही. ती निवड चळवळ म्हणून आपण करावयास हवी होती.

१९७७ नंतर सरकारने गावोगावच्या दायांना प्रशिक्षण देऊन साबण, पाते, दोरा अशा वस्तूंची पेटी दिली. पुढे जगभरच्या तज्ज्ञांचे मत फिरले, आणि २००५ साली जननी सुरक्षा योजना आली तेव्हा भर पूर्णपणे दवाखान्यातल्या बाळंतपणावर गेला. दवाखान्यात बाळंत होणे सुरक्षित आहे याविषयी माझ्या मनात शंका नाही. माझी आत्या मला विसरता येत नाही. पण या योजनेच्या अटी पाहा. महाराष्ट्रासारख्या राज्यांत सुरुवातीला १९ वर्षांखालील बाईला आणि तिसऱ्या खेपेच्या बाईला पैसे मिळत नसत. ज्यांचे लग्न लवकर होते आणि ज्यांची मुले जगण्याची खात्री नसते, नेमक्या त्याच बायका वगळल्या गेल्या. ही अट २०१३ साली उठली. त्याच वर्षीच्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गर्भार आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपये देण्याचे मान्य केले. २०१७ साली प्रधानमंत्री मातृ वंदना योजना आली तेव्हा ते ५,००० झाले आणि तेही पहिल्या खेपेपुरते. नंतर दुसरी मुलगी झाली तर तिच्यासाठी ६,००० जोडले गेले. कायद्यात 'प्रत्येक' हा शब्द आहे. योजनेत तो उरला नाही. आमच्या बायकांच्या वाट्याला कायदे येतात ते असेच, वाटेत एकेक शब्द गळत.

आकडे आता चांगले दिसतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली जवळपास ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाल्याची नोंद आहे. २०१८-२० या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ माता दगावल्या, तर महाराष्ट्रात ३३. मुक्ताच्या काळाशी तुलना करता हा बदल प्रचंड आहे आणि तो नाकारणे हा खोटेपणा होईल. पण त्याच पाहणीत राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. आणि मातामृत्यूचा हा आकडा राज्यवार जाहीर होतो, जातवार होत नाही. ३३ ही सरासरी आहे. सरासरीत झरी-जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजीकडची कोलाम पोडे दिसत नाहीत. महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिम जमातींत कोलाम मोडतात. सरासरीत तांडा दिसत नाही, मांगवाडा दिसत नाही. उरलेल्या पाच टक्क्यांत कोण आहेत हे विचारले तर त्यांचे पत्ते आपल्याला न सांगताही ठाऊक आहेत.

शिवाय दवाखान्यात पोचणे म्हणजे उपचार मिळणे नव्हे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये उमरखेड तालुक्यातल्या विडूळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातली बातमी सगळ्या वर्तमानपत्रांत आली. कळा येत असलेली एक बाई घरच्यांबरोबर केंद्रावर पोचली. वेळेवर डॉक्टर मिळाला नाही. व्हरांड्यात ती बाळंत झाली आणि बाळ दगावले. विधानसभेतही तो विषय निघाला. त्या बाईची जात काय होती हे मी शोधत बसले नाही. मोटार करून शहरात खासगी प्रसूतिगृहात जाण्याची ज्यांची ऐपत असते ते त्या व्हरांड्यात येत नाहीत, एवढे मला पुरेसे आहे. ज्या जिल्ह्याने वसंतराव आणि सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री दिले, जेथे १९८९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्या जिल्ह्यातली ही गोष्ट आहे. मुक्ता म्हणाली होती की आमच्या बाळंतिणीच्या डोक्यावर छप्पर नाही. विडूळला छप्पर होते. छपराखाली माणूस नव्हता.

मग करायचे काय? उत्तर आमच्या शेजारच्या भागातच सापडते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकविले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष छापले गेले. त्या गावांतले नवजात बालकांचे मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटले होते. खेड्यातल्या, कमी शिकलेल्या बाईचे हात शास्त्र शिकू शकतात, हे यातून सिद्ध झाले. आमच्या आज्यांना जर १९५० साली कोणी असे शिकविले असते, नुसता साबण आणि पाते न देता पगार आणि पद दिले असते, तर? आज आशा सेविका हे काम करतात. त्यांना सरकारने कर्मचारी न म्हणता स्वयंसेविका म्हटले आणि मोबदला कामागणिक ठेवला. म्हणजे सुपातली ज्वारी गेली, पण हिशेबाची रीत तीच राहिली.

म्हणून माझ्या वाचकांपुढे, विशेषतः कार्यकर्त्यांपुढे, मी तीन गोष्टी ठेवते. शेतमजूर बाईला बाळंतपणाआधी आणि नंतर मजुरीसह विश्रांती मिळाली पाहिजे, मालक दाखविण्याची अट न घालता. ती सरकारने द्यावी, कारण हे राष्ट्राचे काम आहे असे बाबासाहेबांनी १९२८ सालीच सांगून ठेवले आहे. मातामृत्यूची नोंद जात आणि वस्ती यांसह जाहीर झाली पाहिजे; जे मोजले जात नाही त्याच्यासाठी भांडता येत नाही. आणि शिक्षक-विद्यार्थ्यांनी आपल्या गावात ज्या दोन-चार म्हाताऱ्या दाया उरल्या असतील त्यांच्यापाशी बसून त्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. त्यांच्याबरोबर आपला एक इतिहास मातीत चालला आहे.

माझी आजी गेली तेव्हा गावातल्या वरच्या आळीतून दोन-तीन माणसे आली होती. तिनेच त्यांची नाळ कापलेली. ती वाड्याच्या तोंडाशी उभी राहिली, आत आली नाहीत. मुक्ताच्या प्रश्नाला अर्धे उत्तर मिळाले आहे असे मी म्हणते, ते त्यांना आठवून. उरलेले अर्धे आपल्याला मिळवायचे आहे.